वाळूजमधील कामगार संघटनेचे सल्ला केंद्र : कागदांत चोख, फाटकावर मवाळ

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत एक जुनी कामगार संघटना आपल्या कचेरीतच कामगारांसाठी सल्ला केंद्र चालविते. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) आणि थकलेला पगार या चार बाबींवर तेथे मार्गदर्शन होते, अर्ज लिहून मिळतात आणि गरज पडल्यास संघटनेचा माणूस सरकारी कार्यालयात सोबतही येतो. माझे मामा एका कारखान्यातून लेथ ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले, त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या कामासाठी मला तेथे जावे लागले. मामा कायम कामगार होते, तर मामेभाऊ दुसऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. एकाच टेबलावर या दोघांना मिळालेली सेवा इतकी वेगळी होती की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. संघटनेचे आणि दोन्ही कारखान्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही.

आधी मामांचे काम. त्यांचे शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये होते. केंद्रातल्या कार्यकर्त्याने पगारचिठ्ठीच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला : 26 ने भागून दिवसाचे 800, त्याचे 15 दिवसांचे 12,000, आणि त्याला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. कंपनीने 21 वर्षे धरून 2,52,000 रुपये देऊ केले होते. मामा म्हणत होते 23 वर्षे, म्हणजे 2,76,000. सुरुवातीची दोन वर्षे ‘हंगामी’ म्हणून कंपनीने सोडून दिली होती. कार्यकर्त्याने वाद घातला नाही. त्याने मामांना घरी पाठवून राज्य विम्याचे जुने कार्ड आणि निधीच्या पावत्या मागवल्या, त्यांवरच्या तारखांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि त्या दोन वर्षांत सेवा कोठेही खंडित नव्हती हे दाखवून अर्ज तयार केला. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत न दिल्यास तिच्यावर व्याज चढते, हे वाक्य त्याने अर्जात शेवटी, अगदी सौम्य शब्दांत घातले. ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जाण्याची वेळ आली नाही. कंपनीने फरकाची रक्कम दिली. कोणत्याही वकिलाने एवढ्या रकमेसाठी इतक्या बारकाईने कागद चाळले असते असे मला वाटत नाही.

कामगार संघटनेची कचेरी अशी दाखले-अर्जांची जागा कशी बनली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. 1920 मध्ये आयटक (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस) ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली, 1926 मध्ये कामगार संघटनांचा कायदा आला. मराठवाडा मात्र सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे औरंगाबादची कापड गिरणी किंवा नांदेडची उस्मानशाही मिल येथील मजुरांना त्या ब्रिटिश कायद्याचे छत्र नव्हते. येथील कारखानदारी खऱ्या अर्थाने वाढली ती औद्योगिक वसाहतींमुळे. वाळूजमध्ये बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, म्हणजे दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील मुंबईच्या गिरणी संपाला सुरुवात होऊन तीनच वर्षे उलटली असताना. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि बहुतेकांच्या हाती काहीच लागले नाही. ही हार ताजी असताना वाळूजमधला पहिल्या पिढीचा, शेती सोडून आलेला कामगार घडला. संपापेक्षा ठरावीक मुदतीचा वेतनकरार, आणि घोषणेपेक्षा नीट ठेवलेली फाइल, ही सवय या वसाहतीला लागली ती माझ्या मते त्यामुळेच. ती वाईट नाही; मामांना तिचाच लाभ झाला.

मामेभावाच्या कामात मात्र या सवयीची मर्यादा उघडी पडली. ठेकेदार त्याच्या पगारातून निधीची रक्कम कापत होता, पण ती खात्यावर दिसत नव्हती. केंद्राने तक्रार ताबडतोब नोंदवून दिली आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ कंपनी जबाबदार राहते, हेही स्पष्ट सांगितले. येथपर्यंत सर्व ठीक होते. त्यानंतर भावाने विचारले की त्याच्यासोबतच्या पोरांना संघटनेचे सभासद होता येईल का, तेव्हा उत्तर आले : “तुमचं काम आपण करून देऊ, दादा, पण सभासदाची पावती फक्त कायम कामगारांचीच फाटते.” कारण असे दिले गेले की कंत्राटी माणूस मूळ कंपनीच्या हजेरीपटावर नसतो, ठेकेदार बदलला की तोही बदलतो, आणि अशांची संघटना टिकत नाही.

हे कारण निदान मराठवाड्यात बसून तरी देऊ नये. लातूरच्या आडत बाजारातल्या हमालाचाही कोणी एक मालक नसतो. अशा श्रमिकांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला, ज्यात मालक मजुरीसोबत लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो आणि मंडळ हमालाचा निधी, बोनस व ग्रॅच्युइटी सांभाळते. बीडच्या ऊसतोड कामगाराचा हजेरीपट तर मुकादमाच्या वहीत असतो, तरीही त्यांच्या संघटनांनी संप आणि बोलणी करून जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळवली. ज्याची आई ऊसतोडीला जाते असा मुलगा वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजीत खोली भाड्याने घेऊन ठेकेदाराकडे राबतो, आणि त्याला सांगितले जाते की तुझी संघटना होऊ शकत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांविषयी या सल्ला केंद्राची तयारी बरी आहे. संपासाठी आता प्रत्येक उद्योगात 14 दिवसांची पूर्वसूचना लागते, वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळण्यासाठी हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो, आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीतही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते, ही माहिती मराठीत छापून भिंतीवर लावलेली आहे. हजेरीपटावरची संख्या अशी निर्णायक ठरत असताना, पटाबाहेरच्या माणसाला दारातच अडवण्यात संघटनेचा स्वतःचा तरी काय फायदा आहे, हे मला समजले नाही.

कचेरी संध्याकाळी, पहिली पाळी सुटल्यानंतर उघडते. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत, अर्जाच्या टंकलेखनाचा आणि झेरॉक्सचा खर्च तेवढा द्यावा लागतो. रविवारी ती बंद असते. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी संघटनेने मनापासून पाळली आहे, पण बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला मोकळा तोच एक दिवस असतो, तेव्हा निदान दुपारपर्यंत तरी कोणी बसायला हरकत नसावी. कायम कामगाराने निवृत्तीपूर्वी एकदा येथे जाऊन सेवेची वर्षे तपासून घ्यावीत. कंत्राटी कामगाराने निधीच्या तक्रारीसाठी अवश्य जावे, मात्र एकट्याने न जाता खात्यावर रक्कम न दिसणाऱ्या सर्वांची नावे, यूएएन (निधी खात्याचे) क्रमांक आणि पगारचिठ्ठ्या एकत्र घेऊन जावे.