चांगली हार्ड डिस्क ‘गेली’ म्हणून सांगितली गेली, त्याची हकिकत

२०११ साली सुटे भाग जोडून बनवून घेतलेला आमचा संगणक गेल्या वर्षापर्यंत व्यवस्थित चालत होता. त्यात विंडोज ७ होते आणि त्यावर मी फक्त घरची कागदपत्रे, फोटो आणि आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या ठेवल्या होत्या. त्या ओव्या मी जुन्या कॅसेटवरून एकेक करून उतरवून घेतल्या होत्या आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. गणपतीला गावी जाताना आम्ही घरातला मेन स्विच बंद केला होता. पंधरा दिवसांनी परत येऊन संगणक लावला, तेव्हा विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसले, मग निळा पडदा आला आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कितीही वेळा लावला तरी तेच.

जवळच्या दुरुस्तीच्या दुकानात नेल्यावर तिथल्या माणसाने पाच मिनिटांत निदान केले. “काका, हार्ड डिस्क गेली. आतला डेटा काढायला साडेसहा हजार, नवीन डिस्क तीन हजार दोनशे. ओव्या म्हणताय ना, त्या मी काढून देतो, पण उशीर केलात तर हमी नाही.” ओव्यांची गोष्ट मीच त्याला सांगितली होती, आणि घासाघीस न करता मी पैसे मोजले ते त्या एका वाक्यामुळे. पावती मागितली तेव्हा कोऱ्या कागदावर रक्कम लिहून मिळाली. जुनी डिस्क मात्र मी आग्रहाने परत मागून घेतली. तो ती “भंगारात जाणार” म्हणत होता, पण आमचे खाजगी कागद त्यात असल्याने मला ते पटले नाही.

चार दिवसांनी संगणक घरी आला, ओव्याही ऐकू आल्या आणि मी निश्चिंत झालो. फक्त एक खटकत होते: भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावला की घड्याळ दर वेळी २०१० सालच्या १ जानेवारीवर जात असे. पुतण्या दिवाळीला आला तेव्हा त्याला हे सांगितले. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर सिस्टमरेस्क्यू ही लिनक्सवर चालणारी मोफत प्रणाली उतरवली, रूफस या छोट्या प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर लिहिली आणि आमचा संगणक एफ१२ दाबून त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. अशा वेळी संगणक हार्ड डिस्कवरचे विंडोज वापरतच नाही, पेनड्राइव्हवरचे लिनक्स वापरतो. त्यामुळे बिघाड डिस्कमध्ये आहे की फक्त विंडोज सुरू होण्यात आहे, हे वेगळे काढता येते.

त्याने डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ची आज्ञा दिली आणि पडद्यावर डिस्कची स्वतःची नोंदवही उघडली. ‘नवीन’ डिस्कच्या चालू तासांपुढे २८ हजारांहून मोठा आकडा होता. दिवसरात्र न थांबता चालली असती तरी हे तीन वर्षांपेक्षा जास्त होतात. मग त्याने जुनी डिस्क जोडली. निकामी होऊन बदललेले सेक्टर (डेटा साठवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे) शून्य, बदलायचे राहिलेले सेक्टर शून्य, आणि ओव्यांचा फोल्डर जसाच्या तसा. ‘गेलेली’ डिस्क ठणठणीत होती आणि पैसे देऊन घेतलेली डिस्क कुणाच्या तरी संगणकातून काढलेली होती.

खरा बिघाड मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरच्या, नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलचा होता. वीज नसताना घड्याळ आणि मांडणी जपण्याचे काम तो करतो. सेल संपल्याने आणि वीज पंधरा दिवस बंद राहिल्याने बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची) मांडणी पुसली गेली, डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर गेली आणि विंडोज ७ ला स्वतःची डिस्कच सापडेना. निळ्या पडद्यावर शेवटी ‘७बी’ असलेला कोड होता, तो याचीच खूण होती. नवीन सेल किराणा दुकानात मिळाला, जुनी डिस्क लावून बायोसमध्ये एएचसीआय पुन्हा निवडले आणि जुने विंडोज पहिल्यासारखे सुरू झाले. हे सारे होईपर्यंत चहासुद्धा निवला नव्हता.

म्हणून जुना संगणक दुकानात नेण्याआधी घरी किंवा ओळखीच्या कुणाकडून असा पेनड्राइव्ह लावून पाहा, फाईली दिसतात का ते तपासा, दिसल्या तर लगेच बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या आणि हार्ड डिस्कच्या लेबलवरचा सिरीयल क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे डिस्क बदलली गेली तर कळेल. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र तिला वारंवार चालू करू नका आणि चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवू नका. अशा डिस्कवर दुरुस्ती करण्याआधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची पूर्ण प्रत घ्यायची असते आणि हे काम जाणकारानेच करावे.

तासांच्या आकड्याचा फोटो घेऊन आम्ही दुकानात गेलो. डिस्कचे तीन हजार दोनशे त्याने निमूटपणे परत दिले. साडेसहा हजारांबद्दल मात्र “काम केलंय ना, काका” एवढेच उत्तर मिळाले, आणि पक्के बिल नसल्याने त्यापुढे माझ्या हातात काही उरले नाही. तरीही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे.