जुनं बायबल बांधून घेतलं: गावभागातले बाइंडर, पाचपैकी चार

सांगलीत गावभागातल्या एका बोळात बाइंडरचं दुकान आहे. पाटी नाही, तात्या म्हणून विचारलं की दाखवतात. दहा बाय आठची खोली, लोखंडी शिकंजा, कटिंग मशीन आणि मैद्याच्या खळीचा वास. खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे कसर लागत नाही. वकिलांची दफ्तरं, पारायणाच्या पोथ्या, काहीही न्या, काम चोख. घाई असेल तर मात्र जाऊ नका. मला आठ दिवस सांगितले आणि तेविसाव्या दिवशी दिलं.

माझं काम म्हणजे वडिलांचं बायबल. ते मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात कंपाउंडर होते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभारलेलं हे हॉस्पिटल. आमच्या घराण्याचा विश्वास त्याच आवारातला. माझा असा वेगळा काही नव्हता. आयता मिळालेला.

2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात गाडी भोंग्यावरून ओरडत फिरत होती, सामान हलवा, बाहेर पडा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 40 फूट इशारा, 45 धोका, हे आमच्याकडे पोरांनाही पाठ. आम्ही म्हटलं, 50 होऊ देत, मग बघू. 50 झाले तेव्हा पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होतं, आणि शेवटी ते 57 च्या वर गेलं. टीव्ही माडीवर नेला, सिलिंडर नेला. बायबल खालच्या फळीवर राहिलं. नंतर ते वाळवून नायलॉनच्या पिशवीत बांधलं, सावकाश दुरुस्त करू म्हणून. त्याला सहा वर्षं झाली.

तात्यांनी जुजं, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे जुडगे, सगळी सुटी केली. बायबलचा कागद पातळ, भिजून वाळला की पापडासारखा चिकटतो. वाफ देऊन, बांबूची पातळ पट्टी सरकवत त्यांनी पानं एकेक सोडवली. मी काम कुठवर आलं ते विचारायला गेलो तेव्हा प्रेषितांच्या कृत्यांचा चोविसावा अध्याय नुकताच मोकळा झाला होता. तात्या विठ्ठलाची माळ घातलेले, पण हातात आलेलं पान वाचल्याशिवाय शिवत नाहीत.

"साहेब, हा फेलिक्स कोण?"

म्हटलं, रोमचा सुभेदार. ख्रिस्ताचा प्रचार करणारा पौल कैदी म्हणून त्याच्यापुढे उभा. पौल येणाऱ्या न्यायाविषयी बोलायला लागला तसा हा घाबरला.

"आणि म्हणतो, आता जा, सवड झाली की बोलावतो." तात्या हसले. "आमचं गिऱ्हाईक आहे की हे." त्यांनी वरच्या फळीकडे बोट केलं. बांधून तयार असलेली, कोणी न्यायला न आलेली पंधरा-वीस पुस्तकं. एकावर 1998 ची चिठ्ठी.

खरं तर फेलिक्सने पौलाला पुढे पुष्कळदा बोलावलं. पैसे मिळतील या आशेने. दोन वर्षं अशी गेली, त्याची जागा दुसऱ्याला मिळाली आणि जाताना त्याने पौलाला कैदेतच ठेवलं. हे मी तात्यांना सांगितलं नाही. कारण पुढच्याच मिनिटाला त्यांनी सुरुवातीचं कोरं पान माझ्यापुढे धरलं. वडिलांनी तांबड्या पेन्सिलीने चार रकाने आखलेले: जन्म, बाप्तिस्मा, कबुली, लग्न. बहिणींचे भरलेले. माझ्या नावापुढे तिसरा मोकळा.

बाप्तिस्मा आईबापांनी दिला, तान्ह्या वयात. विश्वासाची कबुली ज्याची त्याने, चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून द्यायची. पाळकसाहेब दर ईस्टरच्या आधी विचारायचे. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका अनोळखी गोऱ्याने नवा करार दिला आणि दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झालासुद्धा. जात, भाऊबंद, संसार, सगळं पणाला लावून. मला काहीच सोडायचं नव्हतं, आणि चाळीस वर्षं पुरली नाहीत.

आता तक्रारी. कडा कापताना समासातल्या वडिलांच्या टिपणांची टोकं गेली. विचारायला हवं होतं. पाठीवरची सोनेरी अक्षरं किंचित तिरकी आहेत. पुस्तक अजून सपाट उघडत नाही, वापराने सैल होईल म्हणतात. साडेसहाशे रुपये, रोखच. पण जुजबंदी अशी की पान ओढून बघा.

ते रकान्यांचं पान जीर्ण होतं, म्हणून मागून पातळ कागद चिकटवून दिलाय. देताना तात्या म्हणाले, "यावर काही लिहायचं असेल तर चार दिवस थांबा, खळ ओली आहे. आणि शाईचं पेन नको, पसरेल. बॉलपेन घ्या."

आज पाचवा दिवस. पाळकसाहेबांना सकाळी फोन केला. रविवारची उपासना साडेनऊला आहे, नवाला या म्हणाले.