खोक्यावर ४८ व्होल्ट, आत पाचही नाहीत

आमच्या खानापूर तालुक्यातल्या भजनी मंडळातली दोन पोरं अभंगांना स्वतः चाली लावतात. चाली इतक्या गोड आहेत की त्या घरीच रेकॉर्ड करून बेळगावातल्या एखाद्या संगीत संयोजकाला ऐकवाव्यात असं ठरलं. वर्गणी काढली, सात हजार जमले. शहरातल्या एका दुकानातून 'स्टुडिओ सेट' आणला : कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, चालायला वीज लागणारा), स्टँड आणि माइक कॉम्प्युटरला जोडायचं साउंड कार्ड. "मामा, स्टुडिओत हेच वापरतात, बिनधास्त घेऊन जावा," दुकानदार म्हणाला. खोक्यावर ठळक छापलेलं : ४८ व्होल्ट फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच कार्ड माइकला देतं ती वीज. बिल म्हणून चिठ्ठीवर नुसता आकडा.

पहिल्याच रेकॉर्डिंगला आवाजामागे सतत सूं सूं, आणि टाळ वाजला की सगळं फाटायचं. परत नेल्यावर दुकानदार आधी म्हणाला, तुमची खोली बरोबर नाही. मग म्हणाला, पोराच्या आवाजातच दम नाही. हे त्याने पोरासमोर सांगितलं. सोळा वर्षांचा मुलगा, तो त्यानंतर माइकसमोर बसायलाच तयार होईना. पैसे बुडाल्याचं दुःख आहेच, पण त्या एका वाक्याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

गावात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी माइकची जाळी खोलली. एवढ्या मोठ्या जाळीच्या आत शर्टाच्या बटणाएवढं इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारा स्वस्तातला भाग, दोन बारीक वायरींवर डाग देऊन बसवलेलं. तसलं कॅप्सूल मोबाइलच्या साध्या हेडफोनच्या माइकमध्येही असतं. मग त्यांनी कार्डाच्या एक्सएलआर सॉकेटला (माइकची तीन पिनांची वायर जिथं लागते तिथं) व्होल्ट मोजायचा मीटर लावला : काळी वायर पिन १ वर, लाल आधी २ वर, मग ३ वर. फँटम पॉवर खरी असेल तर दोन्ही वेळा ४८ च्या आसपास, म्हणजे ४४ ते ५२ च्या मध्ये आकडा दिसायला हवा. आमच्या कार्डावर धड पाचही दिसेनात. स्वस्त माइक विकण्यात काही गैर नाही, पण स्टुडिओचा म्हणून छापून विकणं ही सरळसरळ लबाडी आहे.

असा सेट घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच रेकॉर्ड करून बघा. गाऊ नका, थोडा वेळ गप्प राहा आणि ती शांतता हेडफोनवर ऐका. सूं सूं तिथंच कळते. घराजवळून गाड्या जात असतील तर डायनॅमिक माइक बघा, तो लांबचा आवाज कमी पकडतो आणि त्याला फँटम पॉवरही लागत नाही. आणि नुसती चाल ऐकवायची असेल तर मोबाइल पुरतो. आम्ही आता भिंतीला गोधड्या टांगून मोबाइलवरच रेकॉर्ड करतो आणि लॅपटॉपवर 'ऑडॅसिटी' या सॉफ्टवेअरमध्ये कापतो-जोडतो. ते फुकट मिळतं.

पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद होती, म्हणून पक्कं बिल नसतानाही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घालता आली. तिथं मराठीतही बोलता येतं. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे : व्यवहाराला दोन वर्षं व्हायच्या आत अर्ज करावा लागतो, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. निपाणी-चिकोडीकडे कुणाला असाच सेट गळ्यात मारला असेल, तर खोकं आणि चिठ्ठी फेकू नका.