आयपॅड प्रो ११ इंच (२०२४): निळ्यासाठी घेतलेला पडदा

ओएलईडीसाठी, म्हणजे वीज दिली की स्वतःच उजळणाऱ्या सेंद्रिय रेणूंच्या पडद्यांसाठी, निळा प्रकाश देणारे रेणू बनवणं हे माझं काम. पुण्यातल्या प्रयोगशाळेत दिवस जातो तो फ्लास्क, सिलिकाचा कॉलम (रेणू वेगळे करायची नळी) आणि यूव्ही टॉर्च यांच्यात. त्यामुळे हा टॅब हातात आल्यावर प्रोसेसरच्या नादी लागलेच नाही. ब्राइटनेस शेवटपर्यंत चढवला, पडदाभर निळा रंग लावला आणि खोलीतला दिवा बंद केला.

निळा अप्रतिम आहे. खोल, स्वच्छ, कुठेही जांभळट न होणारा. दारातल्या गोकर्णीचा फोटो काढला आणि तेच फूल पडद्याशेजारी धरून पाहिलं. माझ्या जुन्या एलसीडी टॅबवर गोकर्ण नेहमी वांग्याच्या रंगाकडे झुकायची. इथे पाकळीचा गर्द निळा, मधला पिवळसर पांढरा पट्टा, पाकळीवरच्या बारीक शिरा, सगळं जागच्या जागी.

खरं कौतुक मात्र उजेडाचं. पूर्ण पडद्यावर १००० निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) आणि एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या व्हिडिओत, १६०० पर्यंत. ओएलईडी इतका उजळवायचा तर सगळ्यात आधी निळा मरतो. ४६० नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनमध्ये साधारण २.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते, ६२० च्या लाल फोटॉनमध्ये जेमतेम २. रेणूने ती ऊर्जा चटकन प्रकाश म्हणून सोडली तर ठीक. जरा वेळ धरून ठेवली आणि तेवढ्यात शेजारचा उत्तेजित रेणू भेटला, तर एकाची ऊर्जा दुसऱ्यावर चढते आणि कार्बन-नायट्रोजनसारखा बंध तुटतो. तुटलेला तुकडा मग आजूबाजूच्यांचाही प्रकाश गिळायला लागतो.

त्यात विजेने उत्तेजित झालेल्या दर चार रेणूंपैकी एकच सिंग्लेट, म्हणजे चटकन उजेड देणाऱ्या अवस्थेत जातो. बाकीचे तीन ट्रिप्लेट, म्हणजे ऊर्जा धरून ठेवणाऱ्या अवस्थेत जातात, आणि साध्या, फक्त सिंग्लेटमधून उजळणाऱ्या (फ्लुओरोसंट) रेणूतले ट्रिप्लेट उजेड देत नाहीत. लाल-हिरव्यात इरिडियम या धातूची संयुगं वापरून त्यांच्याकडूनही प्रकाश काढून घेता येतो. निळ्यात तसं करायला गेलं की ट्रिप्लेट मायक्रोसेकंदांपर्यंत रेंगाळतात आणि तेवढ्यात घात होतो. म्हणून बाजारातल्या बहुतेक पडद्यांत निळा अजून फ्लुओरोसंटच आहे. दोन ट्रिप्लेट एकत्र येऊन एक सिंग्लेट होतो तेवढीच वसुली, आणि तीही धरली तरी उजेड देणाऱ्या रेणूंचा हिशेब ६२.५ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

इथे उपाय रचनेतून काढलाय. प्रकाश देणाऱ्या थरांचे दोन संच एकावर एक बसवले आहेत, यालाच टँडम म्हणतात. व्होल्टेज जास्त लागतं, पण तेवढ्याच उजेडाला करंट साधारण निम्मा पुरतो. एका पाटीचं ओझं दोघींनी वाटून उचलावं तसं, आणि निळ्याचं आयुष्य त्यातून दुपटीपेक्षा जास्त वाढतं. याची किंमत मला कळते, कारण माझ्या आधीच्या एका फोनवर (कंपनीचं नाव नको) कीबोर्डची जागा कायमची पिवळट पडली होती. तिथला निळा थकला होता, लाल-हिरवा तसाच होता.

रेणूच्या बाजूने मला आशा आहे ती जपानी रसायनशास्त्रज्ञ हाताकेयामा यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेल्या बोरॉन-नायट्रोजनच्या ताठ सांगाड्यांची. बोरॉन आणि नायट्रोजन अशा जागी बसवायचे की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) एकाआड एक अणूंवर राहतील. सांगाडा हलत नाही, म्हणून प्रकाशाची पट्टी अरुंद येते, म्हणजे रंग शुद्ध येतो. २०१९ च्या न्यू-डाब्ना नावाच्या अशाच रेणूमध्ये ती २० नॅनोमीटरपेक्षाही कमी रुंद आहे. असा रेणू कॉलममधून उतरताना टॉर्च मारली की सिलिकात पातळ निळी चकती खाली सरकताना दिसते. एकदा अशा रेणूची व्हायल (काचेची छोटी कुपी) टॅबच्या निळ्याशेजारी धरली आणि खूप वेळ बघत राहिले. व्हायलमधला निळा जास्त टोकदार आहे. पण तो हजारो तास तसाच टिकवून दाखवणं अजून बाकी आहे, आणि आमची सगळी धडपड तिथेच आहे.

बाकीचं थोडक्यात. वजन ४४४ ग्रॅम, जाडी ५.३ मिलिमीटर, पेन्सिलने रेणूंच्या आकृत्या काढायला याहून सुखाचं काही वापरलेलं नाही. काच चकचकीत आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली आपलाच चेहरा दिसतो. चकाकी कमी करणारी नॅनो-टेक्स्चरची काच फक्त १ टीबी साठवणुकीच्या आणि त्यावरच्या मॉडेलना मिळते. आपल्याकडे किंमत ९९,९०० रुपयांपासून सुरू झाली होती, पेन्सिल वेगळी.

फोटो, चित्रकला, रंगांचं काम करणाऱ्यांनी बिनधास्त घ्यावा. नुसतं वाचायला आणि मालिका बघायला हवा असेल तर एवढे पैसे घालू नका. आणि आत्ताचा टॅब नीट चालत असेल तर थोडं थांबा: २०२५ च्या मे महिन्यात एलजी डिस्प्लेने टँडमच्या एका थरात फॉस्फोरसंट, म्हणजे ट्रिप्लेटमधूनही उजेड देणारा निळा घातलेलं पॅनेल जाहीर केलं, विजेची बचत १५ टक्क्यांच्या आसपास. ते पॅनेल दुकानात आलं की मी पहिल्या दिवशी ब्राइटनेस चढवून बघायला जाणार आहे.