‘पिंक नॉक आऊट’ गुलाब : कोल्हापुरातल्या दोन पावसाळ्यांनंतर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या आठवड्यात शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेतून ‘पिंक नॉक आऊट’ अशी चिठ्ठी लावलेली गुलाबाची दोन रोपे मी प्रत्येकी ३५० रुपयांना घेतली. शेजारीच साधी कलमे १२० रुपयांना मांडलेली असताना याला जवळजवळ तिप्पट पैसे कशासाठी द्यायचे, असे विचारल्यावर तिथल्या माळीदादांनी एका वाक्यात निकाल लावला : “साहेब, ह्ये लावायचं आन् इसरून जायचं.” त्या वाक्याचे मी २३० रुपये मोजले असे धरून, ते कितपत खरे निघाले ते इथे नोंदवत आहे.

आमची बाग म्हणजे फाटक आणि पायरी यांच्यामधला बारा फूट बाय सात फुटांचा पट्टा. घर बांधताना टाकलेला मुरूम अजून वीतभर खाली लागतो, आणि एका कडेला दुचाकी लावण्यापुरती शहाबादी फरशी आहे. या जागेत पूर्वी ग्लॅडिएटर जातीचा लाल गुलाब होता. हिवाळ्यात त्याची फुले पाहण्यासारखी असत. परंतु जूनच्या अखेरीस पानांवर काळे ठिपके दिसू लागत आणि श्रावण येईपर्यंत झाडाच्या नुसत्या काड्या उरत. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजण्यासाठी पान सुमारे सात तास सलग ओले राहावे लागते. कोल्हापूरच्या जुलैमध्ये ते सात सात दिवस वाळत नाही. औषध फवारायचे म्हटले तरी पावसाने उघडीप द्यायला हवी, आणि उघडीप मिळाली की मी नेमका कचेरीत असतो. चार वर्षांनी ते झाड काढून टाकले, तेव्हा वाईट वाटण्यापेक्षा सुटल्यासारखेच अधिक वाटले.

नॉक आऊटकडे मी वळलो तो याच कारणाने. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी येथे, विल्यम रॅडलर या गुलाबतज्ज्ञाने हा गुलाब तयार केला. तो रोगट झाडांची पाने गोळा करून वाळवत असे, त्यांची पूड करून आपल्या रोपांवर मुद्दाम पसरत असे आणि एवढे होऊनही जी रोपे हिरवी राहतील तीच पुढे वाढवत असे. त्यातून निघालेला लाल गुलाब २००० साली बाजारात आला. गुलाबी प्रकार त्याच लाल झाडावर आपोआप झालेल्या रंगबदलातून पुढे काही वर्षांनी मिळाला. मात्र ही सगळी पारख बर्फ पडणाऱ्या मुलखात झालेली आहे. आमच्याकडच्या संततधारेची परीक्षा त्याला नव्याने द्यायची होती.

पहिल्या पावसाळ्यात तो तीत चांगल्या गुणांनी उतरला. काळे ठिपके जवळजवळ आलेच नाहीत. ऑगस्टमध्ये खालच्या पानांवर जांभळ्या कडेचे, मध्ये राखाडी पडलेले बारीक गोल डाग दिसले. ही सर्कोस्पोरा नावाची वेगळी बुरशी असून उष्ण व दमट हवेत ती या जातीवरही येते. सुमारे पाव हिस्सा पाने गळाली, तेवढी मी झाडून उचलली आणि बाकी काही केले नाही. गणपती गेल्यावर ऊन पडू लागले तशी तांबूस कोवळी पाने पुन्हा फुटली. दुसऱ्या पावसाळ्यातही एवढेच घडले. दोन वर्षांत बुरशीनाशकाची एकही फवारणी केलेली नाही. फेब्रुवारीत शेंड्यांवर मावा आला होता, तो पाण्याच्या जोरदार धारेने दोन दिवसांत गेला.

हे यश सगळे जातीचे नाही, काही भाग लावणीचाही आहे. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन मुरूम बाहेर काढला, मळ्याची काळी माती, पूर्ण कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड भरली, आणि वाफा फरशीपेक्षा आठ इंच उंच ठेवला, कारण गुलाबाच्या मुळांना तुंबलेले पाणी मुळीच सोसत नाही. उन्हाळ्यासाठी मावसभावाच्या शेतातून उसाचे पाचट पोतेभर आणून बुंध्याभोवती पसरले. पाचटाखाली माती चार दिवस ओलसर राहते, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून दोनदा पाणी पुरले. बुंध्याला चिकटून पाचट ठेवू नये. तिथे वाळवी लागते, हे एकदा पाहून शिकलो. दिवसातून सहा तास ऊन मात्र हवेच. जिन्याखालच्या सावलीत हा गुलाब लावून फुलांची वाट पाहणाऱ्याने माळीदादांना दोष देऊ नये.

आता फुलांविषयी, कारण निराशा होण्याचा संभव इथे आहे. दुकानात काचेच्या बरणीत उभा असतो तसा लांब दांड्याचा, टोकदार कळीचा गुलाब मनात धरून कोणी हे रोप घेऊ नये. फूल जेमतेम तीन इंचांचे, मोजक्या पाकळ्यांचे, उघडे, मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका असलेले असते. घोसाने येते आणि एका घोसातली फुले एकामागून एक उमलतात. सकाळी आठच्या सुमारास मधमाश्या त्यात शिरलेल्या असतात. रंग हिवाळ्यात गडद गुलाबी, तर मे महिन्यात तेच फूल लहान आणि पांढुरके होते. वास नसल्यासारखाच. आमच्या आईने पहिले फूल नाकाशी नेले आणि “दिसतंय चांगलं, पण देवाला काय कळायचं की गुलाब हाय म्हणून?” असे म्हणून परत माझ्या हाती दिले. सकाळी वाहिलेल्या फुलाच्या पाकळ्या संध्याकाळपर्यंत ताटात पडलेल्या असतात. गुलकंदाचा तर प्रश्नच येत नाही. त्यासाठी आजोळच्या परड्यातला गावठी गुलाबच हवा.

वाळलेली फुले खुडावी लागत नाहीत, हे या जातीचे दुसरे मोठे आश्वासन असून ते अक्षरशः खरे आहे. पाकळ्या आपणहून झडतात आणि पाच-सहा आठवड्यांनी नवा बहर येतो. या झडण्याला एक बाजू अशी की पावसात त्या पाकळ्या शहाबादी फरशीला चिकटतात आणि त्यांचे तपकिरी डाग घासल्याशिवाय निघत नाहीत.

वर्षाचे खरे काम एकच, छाटणी. कोजागरी झाली, पाऊस थांबून हवा कोरडी पडली की धार लावलेल्या सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) झाडाचा वरचा तिसरा भाग काढायचा, आत वाढलेल्या आणि वाळलेल्या फांद्या मुळाशी कापायच्या आणि जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावायची. मोरचूद, चुना आणि पाणी यांचे प्रमाण १:१:१०. त्यानंतर टोपलीभर शेणखत. यावर्षी हे सगळे पाऊण तासात उरकले आणि सहा आठवड्यांनी झाड फुलांनी भरले. छाटणी टाळली तर झाड मरत नाही. तीन-साडेतीन फूट उंच आणि तेवढेच रुंद होऊन वाटेत येते. काटे चांगलेच आहेत. माझ्या एका सदऱ्याची बाही त्याची साक्ष देईल. सात फुटांच्या पट्ट्यात मी ते फरशीपासून दीड फुटावर लावले, ती चूक होती. निदान अडीच फूट सोडायला हवे होते.

दुसऱ्या रोपाची हकीकत वेगळी आहे, आणि तिचा दोष जातीकडे जात नाही. अमेरिकेत हा गुलाब बहुधा स्वतःच्या मुळांवर वाढवतात. आपल्याकडच्या रोपवाटिका खुंटावर, म्हणजे मुळे धरलेल्या जंगली गुलाबाच्या काडीवर, हव्या त्या जातीचा डोळा भरून कलम करतात. पहिल्याच उन्हाळ्यात कलमाच्या गाठीखालून एक सरळसोट, फिकट हिरवी फूट निघाली. मी कौतुकाने ती वाढू दिली. ‘सात पाने म्हणजे जंगली’ हा ऐकीव नियम इथे कामाचा नाही, कारण चांगल्या झुडपी गुलाबालाही कधी कधी सात पर्णिका असतात; फूट गाठीच्या वरून आली की खालून, एवढेच माती बाजूला करून पाहायचे. ते मी पाहिले तेव्हा ऑगस्ट उजाडला होता, खुंट सहा फूट झाला होता आणि वरचा गुलाबी डोळा सुकून गेला होता. रोपवाटिकेत गेलो, तर “पाणी जास्ती झालं आसंल” असे उत्तर मिळाले, रोप बदलून मिळाले नाही. पिशवीत गाठच मातीखाली गाडलेली होती, हे त्यांनीही पाहिले नव्हते आणि घेताना मीही.

गेल्या आठवड्यात तिसरे रोप आणले, दुसऱ्या ठिकाणाहून, ३८० रुपयांना. दुकानदाराच्या देखत पिशवीतली माती बोटाने उकरून गाठ पाहिली आणि मगच पैसे दिले. फरशीपासून अडीच फूट मोजून खड्डा घेतला आहे; पाचट यायचे बाकी आहे.