मधल्या सत्रात आलेल्या आमच्या दोघांची शाळा: अनुभव आणि तक्रारी

जर्मनीतला मुक्काम संपवून आलो तेव्हा मुलगा सातवीत होता, मुलगी तिसरीत. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारीही आहेत आणि मुलं अजून तिथेच शिकताहेत.

आधी एका नावाजलेल्या शाळेबद्दल, जिथे आम्ही प्रवेश घेतला नाही. पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स लॅब, सगळं चकाचक. गेल्या गेल्या मुलाच्या हातात पेपर ठेवला. गणितं बहुतेक शाब्दिक, आणि तीही त्याने कधी अभ्यासासाठी न वापरलेल्या भाषेत. निकाल लागला, ‘एक वर्ष मागे बसवावं लागेल.’ पेपर बघायला मागितला तर नियमात बसत नाही म्हणे. त्याच्या प्रगतिपुस्तकात गणितापुढे १ बघून तिथल्या बाई चुकचुकल्या. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यांत उत्तम आणि ६ म्हणजे पार नापास, हे मी समजावलं. त्यांनी मान डोलावली, मत मात्र तेच. तिथूनच काढता पाय घेतला.

आता ज्या शाळेत घातलं ती. इमारत साधी, मैदान बेताचं. पण मुख्याध्यापिकांचा पहिलाच प्रश्न होता, ‘आतापर्यंत कुठल्या भाषेत शिकलाय?’ प्रगतिपुस्तक त्यांनी बाजूला ठेवलं आणि वह्या मागितल्या. गणिताच्या सरांनी मुलाची वही उघडली, तर ३,७५ असं लिहिलेलं, आणि भागाकार ८४ : ७ = १२ असा. तिकडे दशांशासाठी स्वल्पविराम आणि भागाकारासाठी दोन टिंबं वापरतात. सरांनी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि ३,७५ ला ४ ने गुणायला सांगितलं. पोराने क्षणात १५ लिहिलं. सर आमच्याकडे वळून म्हणाले, ‘गणित पक्कं आहे हो याचं. खुणा बदलायच्या, पंधरा दिवसांत होईल.’ वयाप्रमाणे सातवीतच बसवलं.

भाषा कच्ची म्हणून एक इयत्ता खाली, हा सल्ला परदेशातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळतो. मला तो मुळातच पटत नाही. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्येच बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक दाखवला होता. पुढे त्यांनीच मांडलं की बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते, पण अभ्यासात बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात. मग एक वर्ष मागे बसवून असं काय साधणार? वयाने लहान मुलांत बसल्याचं शल्य तेवढं पदरी पडतं.

मुलीची गोष्ट वेगळी. ती कितीतरी दिवस वर्गात तोंडच उघडत नव्हती. नव्या भाषेत पडलेली बरीच मुलं आधी नुसती ऐकत असतात, हे तिच्या वर्गशिक्षिकेला ठाऊक होतं. त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून बोलतं करायचा आटापिटा केला नाही. उत्तर चित्रावर बोट ठेवून दिलं तरी चालायचं. दर शुक्रवारी वहीत एक चिठ्ठी यायची, पुढच्या आठवड्याचा धडा कुठला आणि त्यातले अवघड शब्द कोणते. शनिवार-रविवारी आम्ही ते घरी वाचायचो, त्यामुळे सोमवारी तिला वर्ग अगदीच परका वाटत नसे. या एका चिठ्ठीसाठी मी या शाळेचं इतर बरंच काही पोटात घालते.

पुन्हा बदलीची टांगती तलवार असेल तर आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिजची शाळा बघा. हे अभ्यासक्रम वेगवेगळ्या देशांत सारखेच असतात आणि अशा शाळा बऱ्याच देशांत सापडतात. आयबीचा डिप्लोमा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या टप्प्यातला अभ्यासक्रम, १९६८ पासून आहे आणि तो २ वर्षांचा असतो. ती २ वर्षं मात्र मधेच तुटणार नाहीत असं बघा.

तक्रारी. ऑफिसने जीव नकोसा केला. शाळा सोडल्याचा दाखला त्यांना त्यांच्याच नमुन्यात हवा होता, वर अधिकृत भाषांतर आणि अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात दाखवायचा सरकारी शिक्का. ज्या देशाने कागद दिला तिथलंच कार्यालय अपोस्टिल करून देतं, तेव्हा सामान बांधायच्या आधी हे काम उरका. लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा, ते पहिल्याच दिवशी मागतात.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. भाषेचा जादा तास मुलाच्या खेळाच्या तासालाच लावला होता. ज्या पोराला अजून धड बोलता येत नाही, त्याला दोस्त मिळणार ते फुटबॉलच्या मैदानावरच! मी दोनदा भेटून भांडले, तेव्हा कुठे आठवड्यातला एक तास सकाळी हलवला. दुसरा अजून तिथेच आहे. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी वेळापत्रक हातात घ्या आणि हा तास कुठल्या तासावर टाच आणून घेतात ते विचारा. आणि बस? बस आजही वेळेवर येत नाही.