आर्चर सी६ राउटर: गाळ्याला पुरेसा, पत्र्याच्या शेडला नाही

प्लॅन २०० एमबीपीएसचा, आणि काउंटरवरच्या पीसीवर स्पीड टेस्ट ९४च्या पुढे सरकत नाही. सोलापुरात नवी पेठ, चाटी गल्लीतल्या दुकानांत अशा वेळी पहिल्या शिव्या केबलवाल्याला बसतात. पण आकडा दरवेळी ९३-९४लाच अडत असेल तर दोष बहुधा दुकानातच आहे: वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट नाहीतर अर्धवट जोडलेली वायर आहे.

टीपी-लिंकचा आर्चर सी६ अशा ठिकाणी कामाला येतो तो त्याच्या पाच पोर्टमुळे. एक वॅन (बाहेरून नेट येतं तो), चार लॅन (दुकानातल्या पीसींचे), पाचही गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसपर्यंतचे. किंमत दोन ते तीन हजारांच्या दरम्यान फिरते. दिसायला साधारण तसाच, थोडा स्वस्त आर्चर सी५० शेजारी ठेवलेला असतो. दोन्ही खोक्यांवर एसी१२०० हा वायफायचा वर्ग छापलेला असतो, पण सी५०चे पोर्ट १०० एमबीपीएसचे. "दोन्ही सेमच आहेत" असं कुणी सांगितलं तर खोक्यावर 'गिगाबिट' शब्द शोधा. नसेल तर परत ठेवा.

राउटर घेण्याआधी लॅपटॉप थेट फायबरच्या मोडेमला वायरने लावून स्पीड बघा. तिथेही कमी येत असेल तर नवा राउटर काही करू शकत नाही. काही मोडेमला एकच पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १००चे, म्हणून पोर्ट बदलूनही बघा. मोडेमच्या सेटिंगच्या पेजवर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या मापात दिसते. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर ठीक, उणे २७च्या खाली गेली की लाइन तुटायला लागते. बऱ्याचदा कारण क्षुल्लक असतं: शटरच्या कोपऱ्यात फायबर काटकोनात दुमडलेली, किंवा हिरव्या टोकाच्या जोडणीत निळं टोक खुपसलेलं.

मग वायर. गिगाबिटला आठही तारा लागतात. एकाच केबलच्या चार-चार तारा वाटून दोन पीसी चालवायचा जुगाड इथे सर्रास दिसतो, आणि तो केला की दोन्ही पीसी १००वर अडकतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही टाळा. क्रिंपिंगच्या, म्हणजे टोकाची पिन दाबून बसवतात त्या जागी तार मोडते आणि लिंक आपोआप १००वर घसरते. चांगली कॅट ५ई पुरते, सलग १०० मीटरपर्यंत. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडल्यावर विंडोजमध्ये लिंक स्पीड १ जीबीपीएस दिसला पाहिजे. नाही दिसला तर पिन पुन्हा मारा.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर हळू चालतं हीसुद्धा 'नेट स्लो' म्हणूनच येणारी तक्रार. डेटा एका पीसीवर असतो आणि बाकीचे शेअर फोल्डरमधून उघडतात. त्यात इंटरनेटचा संबंधच नाही, दोन पीसींमधली वाट वायफायवर असते एवढंच. दोन्ही पीसी सी६च्या लॅन पोर्टला वायरने लावा. या राउटरचा सगळ्यात ठळक फायदा इथेच दिसतो.

जोडणीच्या दोन पद्धती आहेत. मोडेमला हात लावायचा नसेल तर सी६ला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका (तो फक्त वायफाय आणि जादा पोर्ट देतो), म्हणजे एकाच्या आत दुसरं नेटवर्क तयार होत नाही आणि वायफायवरून प्रिंटर हरवत नाही. तोटा असा की या मोडमध्ये क्यूओएस, म्हणजे बिलिंगच्या पीसीला आधी वाट देण्याची सोय मिळत नाही. ती हवी असेल तर नेट देणाऱ्या कंपनीकडून मोडेम ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे तो नुसता लाइन पुढे देतो, आणि पीपीपीओईचं, म्हणजे नेटच्या लॉगिनचं युजरनेम-पासवर्ड सी६मध्ये भरा. काही कंपन्यांना व्हीलॅन नंबरही (लाइनवरचं नेट वेगळं ओळखायचा आकडा) लागतो, तो त्याच फोनवर विचारून ठेवा. क्यूओएसमध्ये प्लॅनच्या आकड्यापेक्षा थोडं कमी, २००ला १८०-१९०, भरलं तरच त्याचा उपयोग होतो.

क्यूओएस खरं लागतं ते कॅमेऱ्यांमुळे. आठ कॅमेरे डीव्हीआरवर (दुकानातल्या रेकॉर्डिंगच्या डब्यावर) रेकॉर्ड होत राहतात तोवर इंटरनेट खर्च होत नाही. मालक घरी बसून आठही मेन स्ट्रीमवर, म्हणजे पूर्ण स्पष्ट चित्रावर उघडतो तेव्हा अपलोड भरतं आणि गल्ल्यावर ई-वे बिलचं पान फिरत राहतं. मोबाइलच्या ॲपमध्ये सब स्ट्रीम, म्हणजे हलकं चित्र निवडलं की निम्मा त्रास तिथेच संपतो. 

वायफाय ठीकठाक आहे, अफाट नाही. दोन बँडपैकी वेगवान, ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस हा कागदावरचा आकडा. त्याच खोलीतल्या फोनला २०० ते ४०० मिळाले तरी छान म्हणायचं. विटांची एक भिंत चालते, मागच्या गोडाऊनपर्यंत जात नाही. दुसरा, २.४ गिगाहर्ट्झचा बँड बाजारपेठेत तुंबलेला असतो. चॅनेल ऑटोवर न ठेवता १, ६, ११पैकी मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. काउंटरवर सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास हवा, उणे ७५ला व्हिडिओ कॉल तुटणारच.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी मात्र हा राउटर घेऊ नये. टीपी-लिंकने वापरासाठी दिलेलं तापमान ४० अंशांपर्यंत, आणि सोलापूरचा मे महिना सावलीतच तेवढा असतो. पत्र्याखाली तर त्याहून वर. राउटर तापला की अडकतो, आणि लोक स्विच बंद-चालू करत बसतात. शिवाय लोखंडी माग आणि पत्रे सिग्नल अडवतात, सुताची धूळ हवेच्या फटींत बसते. तिथे पीओई स्विचवरून (नेटच्या वायरमधूनच वीज देणाऱ्या) वायर ओढून ज्याचं तापमान जास्त लिहिलंय असा छताचा किंवा बाहेरचा ॲक्सेस पॉइंटच लावावा. सी६ ऑफिसच्या केबिनपुरता ठीक, तोही तिजोरीमागे किंवा कपाटात नको, भिंतीवर डोक्याच्या उंचीला.

लाइट गेल्यावर नेट चालू ठेवायला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो. मोडेम आणि राउटर दोन्ही त्यावर घ्यायचे असतील तर आधी दोन्ही ॲडॅप्टरवरचे अँपिअर वाचून बेरीज करा. यूपीएस त्याहून कमी अँपिअरचा निघाला तर लाइट गेली की राउटर रीस्टार्ट होतो आणि बिल अर्धवट राहतं.